सामायिक लायब्ररी न सापडण्याची त्रुटी

सामायिक लायब्ररी न सापडण्याची त्रुटी ही लिनक्स व अन्य युनिक्ससदृश संचालन प्रणालींवर, बहुधा नवे सॉफ्टवेअर बसवल्यानंतर, आढळणारी अडचण होय. प्रोग्राम संगणकावर असतो. मात्र सुरू करताच अमुक लायब्ररीची फाइल उघडता आली नाही, असा संदेश देऊन तो बंद पडतो. तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा बसवल्याने सहसा काही साधत नाही.

कारणे

अनेक प्रोग्रामांना लागणारा समान भाग सामायिक लायब्ररीत एकदाच ठेवलेला असतो. उदाहरणार्थ, देवनागरीतील जोडाक्षरे व वेलांट्या यथास्थान बसवणारी हार्फबझ. प्रोग्राम सुरू होताना 'लोडर' अशा लायब्रऱ्या नाव व आवृत्तीनुसार शोधतो. एप्रिल २०२२ मधील उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची ३ ही आवृत्ती आली, परिणामी १.१ मागणारे जुने प्रोग्राम तेथे अडले.

आंतरजाल नसलेल्या ठिकाणी पेनड्राइव्हवरून आणलेले पॅकेज 'डीपीकेजी'ने बसवल्यासही हे घडते. ही आज्ञा अवलंबित पॅकेजे स्वतः आणत नाही, 'एपीटी' आणते. डेबियनवर आधारलेल्या, सी-डॅकच्या 'बॉस' प्रणालीलाही हे लागू आहे.

निवारण

प्रथम संदेशातील फाइलचे नाव आवृत्तीच्या अंकासह टिपून घ्यावे. निम्मे उत्तर तेथेच असते. 'एलडीडी' ही आज्ञा प्रोग्रामला लागणाऱ्या सर्व लायब्रऱ्या दाखवते व न सापडलेल्यांपुढे तशी नोंद करते. अविश्वसनीय प्रोग्रामवर मात्र ती चालवू नये, कारण त्यातून तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालू होऊ शकतो. हवी ती फाइल कोणत्या पॅकेजात आहे, हे डेबियन कुळात 'एपीटी-फाइल' व फेडोरात 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' सांगते.

फाइल संगणकावर असूनही सापडत नसेल, तर ती बहुधा लोडरच्या शोधमार्गाबाहेर असते किंवा त्याची सूची जुनी असते. स्वतः संकलित केलेल्या सॉफ्टवेअरबाबत हे नेहमीचेच. निर्देशिका 'एलडी.एसओ.कॉन्फ'मध्ये नोंदवून 'एलडीकॉन्फिग' चालवल्यास सूची अद्ययावत होते. ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट लायब्ररी चालत नाही, हेही तपासावे.

नव्या आवृत्तीला जुन्या नावाचा दुवा जोडण्याची युक्ती सर्रास सुचवली जाते. ती टाळावी. आवृत्तीचा अंक बदलतो तो अंतर्गत रचना विसंगत झाल्यामुळेच. असा प्रोग्राम सुरू झाला तरी मध्येच कोसळू शकतो अथवा चुकीचे परिणाम देऊ शकतो. सी भाषेच्या मूळ लायब्ररीशी असा खेळ केल्यास साध्या आज्ञाही चालेनाशा होतात.

मॅकओएसवर लोडरचे नाव 'डीवायएलडी' असून तेथे 'एलडीडी'ऐवजी 'ओटूल' वापरतात.