वेळापत्रक आणि वास्तव: गोंदिया जंक्शनचा धडा

१/ गोंदियामार्गे नागपूर–राजनांदगाव मीटरगेज रेल्वे सुरू झाली. पुढे ती १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेकडे गेली. १९०३ मध्ये नैनपूरची नॅरोगेज येऊन मिळाली व गोंदिया जंक्शन झाले.

२/ एकेरी मार्गावर वेळापत्रक गाडी केव्हा सुटावी एवढेच सांगे; ती खरोखर पोहोचली का, हे पुढच्या स्थानकाच्या संदेशावरूनच कळे. तो येऊन नोंदवहीत वेळ चढेपर्यंत मार्ग व्यापलेलाच मानावा लागे. ‘लाइन क्लिअर’ नसता दुसरी गाडी सोडणे म्हणजे टकरीला आमंत्रण.

३/ आज डेटा वेअरहाउसमधील नियोजित कामांनाही हाच नियम लागू आहे. ठरलेली वेळ उलटली म्हणजे काम झाले असे नव्हे. पुढच्या कामाला वाट देण्यापूर्वी आधीचे पूर्ण झाल्याची नोंद पाहावीच लागते.