किल्ली कोणाच्या हाती?

संगणकाला द्यायच्या सूचना माणसे लिहितात. शेकडो माणसे एका कामाला लागली, की कोणी काय बदलले याची वही ठेवावी लागते. या वहीचीच ही गोष्ट.

हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स सुरू केली. तिच्या सूचना कोणीही वाचाव्या, सुधाराव्या, अशी ती खुली. पण २००२ साली वही ठेवण्यासाठी त्यांनी बिटकीपर हे एका कंपनीचे बंदिस्त साधन घेतले. साधन उत्तम, शिवाय फुकट! रिचर्ड स्टॉलमन यांनी तेव्हाच हरकत घेतली. कारण उघड होते : हे दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे झाले.

पुढे वाद झाला आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीने फुकटची सवलत काढून घेतली. टोरवाल्ड्स यांनी हातचे काम थांबवून गिट हे नवे, खुले साधन लिहायला घेतले. चार-पाच दिवसांत ते स्वतःचीच वही ठेवू लागले. जूनमध्ये लिनक्सची आवृत्ती त्यावर निघाली. त्यात प्रत्येकाजवळ अख्ख्या वहीची नक्कल असते. एक यंत्र बिघडले, म्हणून हिशेब बुडत नाही. बिटकीपरही २०१६ साली खुले झाले. पण तोवर लोक गिटकडे वळले होते.

टोरवाल्ड्स यांना स्वतःचे साधन घडवता आले. आपल्या सोसायटीला, दुकानाला ते जमेल काय? म्हणून हिशेबाचे साधन घेताना किंमत विचाराच. पण आधी हे विचारा : उद्या हे बंद झाले, तर आमची वही आम्हाला उचलून नेता येईल ना?