देवयानीचे मोझेक आणि अ‍ॅशबर्नचे उजळ आकाश

देवयानी दीर्घिका आकाशात तीन अंशांहून अधिक पसरलेली आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास सहापट. ८०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला एपीएस-सी संवेदकाचा कॅमेरा जोडला, तर चौकटीत लांबीच्या दिशेने जेमतेम १.७ अंश मावतात. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी टिपून जोडावी लागते. हबल दुर्बिणीने दहाहून अधिक वर्षांत टिपलेल्या सुमारे ६०० चौकटींचे, अडीच अब्ज पिक्सेलचे देवयानीचे मोझेक २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.

तारे जुळवणे हा यातला सोपा भाग. शेजारच्या चौकटींत १५-२० टक्के आकाश सामाईक असले, की ताऱ्यांच्या रचनेवरून संगणक ते काम बिनचूक करतो. सांधा उघडा पडतो तो पार्श्वभूमीच्या उजेडामुळे.

अ‍ॅशबर्नच्या पूर्वेला वॉशिंग्टनचा झगमगाट, दक्षिणेला डलेस विमानतळ आणि गावातच डेटा सेंटरांच्या रांगा. शरदात देवयानी ईशान्येला उगवते आणि जवळजवळ डोक्यावरून पश्चिमेकडे सरकते. या प्रवासात चौकटीतील उजेडाचा उतार सतत बदलतो. एक चौकट संध्याकाळी आणि दुसरी मध्यरात्रीनंतर टिपली, तर जोडचित्र ठिगळांच्या गोधडीसारखे दिसते. त्यामुळे एकेक चौकट पूर्ण करत बसण्यापेक्षा दर रात्री सर्व चौकटींच्या फेऱ्या घेणे श्रेयस्कर.

उजेडाचा उतार सॉफ्टवेअरने पुसता येतो. पण प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे पुसली, तर दीर्घिकेची फिकट बाह्य कडाही प्रदूषण समजून कापली जाते. खरी हानी इथेच होते, आणि नितळ दिसणाऱ्या चित्रात ती लक्षातही येत नाही. हायड्रोजनच्या तेजोमेघांना तारणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे फारसे उपयोगी नाहीत, कारण दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांचा असतो.

चंद्राचे तसे नाही. पुण्याच्या प्रथमेश जाजू या किशोराने २०२१ मध्ये सुमारे ५० हजार प्रतिमांतून, १८६ गिगाबाइट विदेतून चंद्राचे रंगीत चित्र जुळवले. चंद्राच्या तेजापुढे शहराचा उजेड नगण्य ठरतो.

अ‍ॅशबर्नच्या पश्चिमेला ब्लू रिजच्या कुशीत स्काय मेडोज हे राज्य उद्यान आहे. २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला. अशा काळोख्या जागी साध्या, कमी नाभीय अंतराच्या लेन्सने देवयानीचे एकच विस्तृत छायाचित्र घ्यावे. परसदारी टिपलेल्या चौकटींची पार्श्वभूमी त्याच्याशी ताडून बेतली, तर सांधे मिटतात आणि कडाही शाबूत राहते.