राक्षसभुवनची मोहीम व घोड्यांस माशांचा उपद्रव

बीड जिल्ह्यांतील गोदाकांठचें राक्षसभुवन ता. १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळें प्रसिद्ध आहे. गोदावरीस पूर असल्यानें निजामअल्लीची फौज दोन तीरांवर दुभंगली. दक्षिण तीरीं राहिलेला दिवाण विठ्ठल सुंदर थोरल्या माधवरावांच्या फौजेकडून मारला गेला.

मराठी फौजा सामान्यतः पावसाळा छावणींत काढून दसऱ्यास बाहेर पडत. पूर व चिखल हें त्याचें उघड कारण. घोड्यांची विश्रांति हें दुसरें. या मोहिमेंत ती मिळाली नाहीं, आणि दिवस ऐन माशांचे होते. गोमाशी नदीकांठच्या ओल्या मातींत वाढते, चावरी माशी लिदींत व कुजक्या वैरणींत. हा केवळ त्रास नव्हे. १८८० सालीं ग्रिफिथ एव्हान्स यांस डेरा इस्माइल खान येथें घोड्यांच्या रक्तांत ‘सर्रा’ रोगाचे जंतु आढळले. हा रोग गोमाशीच्या दंशानें पसरतो.

यावर इलाज म्हणजे लीद रोज काढणें, ठाण कोरडें राखणें, अंगावर झूल घालणें व भर उन्हांत घोडीं छपराखालीं बांधणें. कारण गोमाशी आडोशाच्या अंधारांत सहसा शिरत नाहीं. धूर करावा, तर गंजीस आगीचें भय. चिपळूणच्या छावणीस शिवछत्रपतींनीं लिहिलेल्या पत्रांत या आगीविषयीं कडक ताकीद आहे.

यास्तव संग्राहकांस विनंति कीं, झुली, छप्परें व मोतद्दार यांच्या खर्चाचे पागेचे कागद क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. लढाईची तारीख बखरींत सांपडेल. घोडीं कशीं जगलीं, हें त्या जमाखर्चांतच सांपडावयाचें.