आगबोटीतली आग

२३ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे हिंदी महासागरात ‘तिलावा’ ही बोट बुडाली. तीन दिवसांपूर्वीच ती मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली होती. जपानी पाणबुडीने तिच्यावर दोन टॉर्पेडो मारले. ९५८ जणांपैकी २८० गेले; त्यांत २८ खलाशी व नोकर होते. बोटीत दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लगडी होत्या. २०१७ मध्ये त्या समुद्रतळातून काढण्यात आल्या. त्यांवरून उभा राहिलेला दावा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०२४ मध्ये निकाल लागला. चांदीचा हिशेब असा नगानगाने झाला. माणसांचा हिशेब कोणी मागायचा?

‘आगबोट’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण तिच्यातली आग कोणी पेटती ठेवली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी कधी विचारले नाही. बोटीच्या बोलीत त्या माणसाला ‘आगवाला’ म्हणत. त्याला कोळसा आणून देणारा तो कोयलावाला, यंत्रांना तेल देणारा तो तेलवाला आणि या सर्वांवर सारंग. कोळशाच्या बोटीत आगवाल्याची जागा पाण्याच्या पातळीखाली, बॉयलरपुढे. भट्टीत कोळसा फेकायचा, निखारे सारखे करायचे, राख ओढायची. चार तास काम, आठ तास सुटका, पुन्हा चार तास. टॉर्पेडो यंत्रघरावर बसला की शिडी गाठायलाही त्याला सवड नसे.

मुंबईच्या बोटींवर हे काम बहुधा पठाण आणि पंजाबी मुसलमान करीत. कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेटचे शेतकरी. रत्नागिरीचे कोकणी मुसलमान डेकवर, गोव्याचे लोक खानपानाकडे. आणि संडास-मोऱ्या धुणारा ‘टोपास’ बहुधा अस्पृश्य जातीचा. गाव सुटले, किनारा सुटला; वाटणी सुटली नाही.

कंपन्या सांगत, हिंदी माणसाला उष्णता जन्मतःच सोसते. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ज्याच्या माथी काम मारायचे, त्याची घडणच त्या कामासाठी झाली आहे असे ठरवून टाकायचे. मनूला त्यासाठी शास्त्र लागले, बोट कंपनीला हवामान पुरले. मग जागाही त्याच मापाने मिळाली. कायद्याने गोऱ्या खलाशाला राहायला ७२ घनफूट, हिंदी खलाशाला ३६. १९०६ मध्ये गोऱ्याचे १२० झाले. हिंदी माणूस ३६ वरच राहिला. पगारही गोऱ्याच्या पगाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा.

पण हा माणूस मुका नव्हता. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढीशिवाय बोटीवर चढायला नकार दिला. शेकडो जण तुरुंगात गेले. अखेर पगार वाढवावे लागले. लोकशाहीसाठी चाललेल्या त्या युद्धात बरोबरीचा पहिला सवाल त्यांनी विचारला, असे म्हणायला हरकत नाही.

मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशीगृहात त्यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या आणि कबर न लाभलेल्या सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची ती आठवण. या शहरातील किती पदवीधरांनी ते पाहिले असेल?

विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : इतिहास वाचताना डेकवरून खाली उतरा. बोट कोणाच्या मालकीची, हे पुस्तक सांगतेच. ती कोणाच्या घामावर चालली, हे आपण शोधायचे आहे. समुद्राने ज्यांची प्रेते परत दिली नाहीत, त्यांची नावे तरी आपण परत आणू.