मुलांची भाषा आणि एका बाईंचा हट्ट

"घरी आम्ही मराठीच बोलतो हो, पण पोरं उत्तर इंग्रजीत देतात!" परदेशातल्या आपल्या नातेवाइकांची ही नेहमीची तक्रार. या तक्रारीच्या मुळाशी हात घालणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज सांगावीशी वाटते.

ज्युडिथ रिच हॅरिस हार्वर्डमध्ये मानसशास्त्रात पीएचडी करत होत्या. १९६० साली विभागाचं पत्र आलं. स्वतंत्र, नवा विचार करण्याची कुवत दिसत नाही, सबब पीएचडी मिळणार नाही. खाली सही जॉर्ज मिलर यांची. बाईंना एम.ए.वर थांबावं लागलं. पुढे दीर्घ आजारपण आलं. घरी बसून त्या बालविकासाची पाठ्यपुस्तकं लिहू लागल्या. आईबाप मुलांना घडवतात, हेच त्यांतही.

१९९४ मध्ये त्यांचा यावरचा विश्वास उडाला. शिकत असताना त्या केंब्रिजमध्ये एका रशियन जोडप्याच्या घरी भाड्याने राहत. आईवडिलांच्या इंग्रजीला रशियन वळण, मुलांचं मात्र गल्लीतल्या इतर पोरांसारखं! म्हणजे भाषेचं वळण सवंगड्यांकडून आलं. मग बाकीच्या वागण्याचं काय? एकाच घरात वाढलेली दत्तक भावंडंही मोठेपणी स्वभावाने सारखी निघत नाहीत, हे अभ्यासांतून दिसतच होतं.

१९९५ मध्ये 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू'त त्यांचा लेख आला. आईबाप जनुकं देतात, पण घराबाहेर कसं वागायचं हे मुलं बरोबरीच्यांत शिकतात, असा त्याचा सूर. बाईंकडे ना पीएचडी, ना विद्यापीठातली नोकरी. तरी लेखाला अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराचं नाव? जॉर्ज ए. मिलर पुरस्कार. हो, तेच सहीवाले!

१९९८ च्या 'द नर्चर असम्प्शन' या पुस्तकावर जेरोम केगन यांच्यासारख्या दिग्गजांनी कडाडून टीका केली. २०१८ मध्ये बाई गेल्या, वाद मात्र मिटलेला नाही.

स्वभावाचं मला ठरवता येत नाही, पण भाषेपुरतं त्यांचं म्हणणं पटतं. आईबाप बिनकामाचे, असं त्या म्हणत नव्हत्या. जोडीदाराशी आपण प्रेमाने वागतो ते काही त्याला घडवायला नाही; मुलांचंही तसंच, एवढंच त्यांचं सांगणं.

तेव्हा मुलांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांना मराठी बोलणारा एखादा सवंगडी मिळवून द्या. सुट्टीत महिनाभर मामे-चुलत भावंडांच्या गराड्यात सोडा. इथल्या भाचरांनी त्यांच्याशी इंग्रजी झाडू नये, हे बघायचं काम माझ्याकडे लागलं!