थर्मिडोर: ताटातले आणि रंगमंचावरचे

शेवंड उकडून उभी चिरावी आणि मांस काढून त्याचे तुकडे करावेत. बारीक चिरलेला कांदा पांढऱ्या वाइनमध्ये आटवून त्यात लोणी, मैदा व दूध यांचा दाट सॉस, थोडी साय आणि मोहरीची पूड कालवावी; मांस त्यात घोळवून पुन्हा कवचात भरावे, वर चीज किसावे आणि ओव्हनच्या वरच्या आचेखाली तांबूस डाग पडेपर्यंतच ठेवावे. (अधिक ठेवल्यास मांस रबरासारखे होते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.) फ्रेंच लॉब्स्टरच्या मोठ्या नांग्या आपल्याकडच्या शेवंडीला नसतात, तेव्हा शेपटीच्या मांसावरच भागवावे लागते. या पदार्थाचे नाव 'लॉब्स्टर थर्मिडोर'. आम्हांला कुतूहल आहे ते या नावाचे.

थर्मिडोर हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातला उन्हाळी महिना. महिन्यांना ऋतुसूचक नावे देणारा फाब्र देग्लान्तीन हा नाटककारच. एप्रिल १७९४ मध्ये त्यालाही गिलोटिनखाली जावे लागले. त्याच वर्षीच्या ९ थर्मिडोरला, म्हणजे २७ जुलैला, रोबेस्पिएरची सत्ता कोसळली.

या घटनेवर विक्तोरिएं सार्दूने लिहिलेले 'थर्मिडोर' हे नाटक २४ जानेवारी १८९१ रोजी पॅरिसच्या कोमेदी फ्रांसेजमध्ये रंगभूमीवर आले. नायक लाब्युसिएर हा इतिहासातला खरा नट. क्रांतिसमितीच्या कचेरीत कारकुनी करताना त्याने आरोपींचे कागद नष्ट करून अनेकांचे प्राण वाचवले, त्यांत याच रंगमंचावरचे नट होते, अशी आख्यायिका आहे. नाटकात त्याच्यापुढे पेच पडतो: मित्राच्या प्रेयसीला वाचवायचे, तर तशाच नावाच्या दुसऱ्या निरपराध स्त्रीचे कागद पुढे सरकवायचे काय? शॉने १८९५ मध्ये सार्दूच्या यांत्रिक रचनेला 'सार्दूडलडम' असे हिणवले. आम्हांलाही ती टीका बहुतांशी पटते. हा प्रसंग मात्र तिच्यात बसत नाही. दहशतीचा कारभार कागदांवर चालतो आणि तो कागद हाताळणारा सज्जन माणूसही त्यात गुंततो, हे सार्दूने येथे नेमके पकडले आहे.

प्रेक्षागृहात दंगा झाला आणि काही दिवसांतच सरकारने प्रयोग थांबवले. सरकारी अनुदानावरच्या नाट्यगृहात क्रांतीची निंदा का, हा आक्षेप होता. २९ जानेवारीला संसदेत क्लेमांसोने बजावले की क्रांती एकसंध आहे, तिच्यातले सोयीचे तेवढे वेचून घेता येणार नाही. म्हणजे दहशतही तिचाच भाग ठरते, हे त्याला बहुधा मान्य होते. ज्या नटाने त्या नाट्यगृहाचे पूर्वज वाचवले, त्याचे नाटक त्या नाट्यगृहाला वाचवता आले नाही.

पदार्थाच्या जनकत्वावर पॅरिसमधल्या एकाहून अधिक उपाहारगृहांचा दावा आहे. मात्र नाव नाटकावरून पडले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. नाटक १८९६ मध्ये पोर्त सें-मार्तें या दुसऱ्या नाट्यगृहात पुन्हा झाले. तेव्हा कोणी दंगा केला नाही.